प्रिन्स प्रकल्प: मशीन नंबर ३ च्या नोंदी

२९ मे २०२५, देवगड

यंदा २५ मेलाच पाऊस देवगडात पोचला त्यामुळे आंब्याचं जे काय व्हायचं ते झालं, शेवटचा हापूस झाडावरच राहिला आणि दुकानात पण कोण फिरकत नाही (झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म, पावसात कोण येतंय). अशात आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांच्या मुलीचा फोन. सर गेल्या वर्षी गेले, आता घर विकायला काढलंय, माळ्यावर क्लासचे जुने कॉम्प्युटर पडलेत, भंगारवाला उद्या येणार, तुला काही हवं असेल तर बघून जा.

गेलो. चार मशीनं होती. तीन पार गेलेली, एकात तर उंदरांनी घर केलेलं. चौथ्याच्या कॅबिनेटवर पिवळ्या ऑइलपेंटने '३' लिहिलेलं. मी ते बघितलं आणि कसली तपासणी न करता रिक्षात घातलं.

घरी आई: "ह्यां काय हाडलंस रे? घरात भंगार कमी आसा?"

मशीन नंबर ३ वर प्रिन्स ऑफ पर्शिया होता. पहिला, डॉसवाला, पांढऱ्या कपड्यातला. दर मे महिन्यात दादा (चुलत भाऊ, डोंबिवलीचा) सुट्टीला आला की आम्ही दोघं तासाचे १५ रुपये भरून 'वर्डस्टारची (टायपिंगचा जुना प्रोग्रॅम) प्रॅक्टिस' करायला जायचो. तीन वर्षं गेलो. गेम एकदाही पूर्ण झाला नाही. कारण साधं आहे, गेममध्ये राजकन्येला सोडवायला ६० मिनिटं मिळतात आणि आमची प्रॅक्टिसपण ६० मिनिटांचीच. त्यातली पाच मशीन चालू होण्यात जायची आणि शेवटची पाच सर खायचे, "चला, वेळ झाली, उठा".

प्रकल्प असा: मशीन चालू होतं का बघणे. आणि झालंच तर परत खेळायचं की नाही ते ठरवणे. दुसरं जास्त अवघड आहे असं आत्ताच वाटतंय, म्हणून ह्या नोंदी.

३ जून

उघडलं. ४८६ (त्या काळचा प्रोसेसर) चा बोर्ड. आत वाळू, कोळ्याची जाळी, एक मेलेली पाल. खरा घोळ बॅटरीचा. त्या काळच्या बोर्डांवर घड्याळासाठी निळी, पिंपासारखी रिचार्जेबल बॅटरी सोल्डर केलेली असायची, ती म्हातारी झाली की फुटते आणि आतलं पाणी तांब्याच्या पट्ट्या खात सुटतं. इथे कीबोर्डच्या सॉकेटपर्यंत हिरवा गंज पोचलाय. वर आमची खारी हवा. समुद्र घरापासून चारशे पावलांवर, इथे दाराच्या बिजागऱ्या टिकत नाहीत.

आणखी एक गंमत. आतल्या छोट्या स्पीकरची वायर बोर्डावरून काढलेली आणि टोकाला नीट काळी टेप गुंडाळलेली. तुटली नाहीये, कोणीतरी मुद्दाम काढलीय. सरांनीच असणार, पोरांचा टँव टँव आवाज नको म्हणून. भिंतीवर बोर्डपण होता ना, 'संगणकावर खेळ खेळू नयेत'.

८ जून

बॅटरी कापून काढली. तिचं पाणी अल्कली असतं त्यामुळे आधी सौम्य आम्ल लावून ते मारावं लागतं, मग साफसफाई. व्हिनेगर घरात नव्हतं. पहिला विचार आगळाचा (कोकमाचा खारवलेला रस) आला, कोकमाइतकं आंबट काय असणार आणि बाटल्या भरून आहेत, पण आगळात मीठ असतं आणि मीठ तर बोर्डाचा मुख्य शत्रू, म्हणजे आगीतून फुफाट्यात. शेवटी बाजारातून व्हिनेगर आणलं. जुना टूथब्रश, हळू हळू, हिरवं निघालं की साधं पाणी, मग मोबाइल रिपेअरवाल्याकडून आणलेलं आयपीए (सफाईचं अल्कोहोल), मग वहिनी विसरून गेलेला हेअर ड्रायर. दोन पट्ट्या पूर्ण खाल्लेल्या, त्यांच्यावर केसासारखी बारीक वायर टाकून सोल्डर केलं. पावसात अर्धी दुपार गेली. ह्यात मला जेवढी मजा आली तेवढी गेम खेळताना येईल का माहीत नाही.

नवीन बॅटरी म्हणून नाण्यासारखा सेल, होल्डरमध्ये. मध्ये एक डायोड टाकला, नाहीतर बोर्ड त्या सेलला चार्ज करायला जातो आणि हा सेल चार्ज व्हायचा नसतो.

२२ जून

पॉवर सप्लायची दोन कनेक्टरं शेजारी शेजारी लागतात आणि ती उलटी लावली तर बोर्ड गेला. सर शिकवायचे, "काळ्याला काळं". दोन्हीच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत. क्लासमधलं वर्डस्टार, लोटस सगळं विसरलो, हे एक वाक्य राहिलं.

स्विच टाकला. पंखा फिरला, स्क्रीन काळी. रॅमच्या पट्ट्या काढून पाय खोडरबराने घासले, परत बसवल्या. परत काळी. डिस्प्ले कार्ड काढून दुसऱ्या खाचेत घातलं आणि मेमरी मोजायचे आकडे आले!! आई शेजारी तांदूळ निवडत होती तिला दाखवलं, "बरां", एवढंच.

हार्डडिस्क मात्र गप्प. फिरण्याचा आवाजच नाही.

६ जुलै

हार्डडिस्कवर दोन रविवार गेले. यूएसबी अडॅप्टर मागवला, तो ह्या डिस्कला ओळखतच नाही. इतक्या जुन्या डिस्क आपला पत्ता वेगळ्याच पद्धतीने सांगतात, नवीन अडॅप्टरना ती भाषा येत नाही. म्हणजे वाचली तर ह्याच बोर्डावर वाचली जाणार.

वैतागून लॅपटॉपवर गेलो. प्रिन्सची लोकांनी उलगडून परत बांधलेली फुकट आवृत्ती मिळते, दहा मिनिटांत चालू. मग हे सगळं कशाला करतोय हा प्रश्न पडला, तो पडायलाच हवा होता.

आणि इथे भलतंच लक्षात आलं. मला हा गेम येत नाही. विसरलो असं नाही, कधी येतच नव्हता. आम्ही एक कीबोर्ड दोघांत खेळायचो, बाणांच्या चार कळा दादाकडे आणि शिफ्ट माझ्याकडे. शिफ्ट दाबून धरली की तो कड्याला लटकतो, एक एक पाऊल जपून टाकतो, औषधाची बाटली उचलतो, आणि तलवार बाहेर असली की शिफ्ट म्हणजे वार. म्हणजे पाय दादाचे, हात माझे. दादाने उडी मारायची आणि हवेत असताना मी शिफ्ट दाबायची, अर्ध्या सेकंदाचा हिशोब. चुकलं की खाली खिळे आणि वर भांडण. "तू शिफ्ट सोडलीस!" "तू उडी लवकर मारलीस!"

आता एकटा बसलो तर डाव्या हाताच्या करंगळीला सगळं आठवतंय, कुठल्या खोलीत कधी दाबायचं ते न बघता, आणि उजवा हात म्हणजे नवशिक्या. पहिल्या लेव्हलला सात वेळा मेलो. पहिल्या!

१९ जुलै

पाऊस थांबत नाही. लाइट सकाळपासून नाही म्हणून वहीत लिहून ठेवलं, आता टाइप करतोय.

परत जायचं म्हणजे नक्की कुठे, हा प्रश्न. प्रिन्स म्हणजे एक गेम थोडाच आहे. १९८९ चा पहिला, १९९३ ला दुसरा, मग २००३ चा सँड्स ऑफ टाइम, जो मी कोल्हापूरला होस्टेलवर चार रात्रीत संपवला. त्यात खंजीर मिळतो आणि मेलं की वेळ मागे घेता येते. पूर्ण गोष्ट प्रिन्स स्वतः सांगत असतो, त्यामुळे तुम्ही दरीत पडलात की तो म्हणतो छे छे, असं नव्हतं झालं, आणि गोष्ट परत मागून सुरू. सांगणारा घरातला म्हातारा कसा मध्येच सुधारणा करतो तसं. शिवाय फराह महाराजाची मुलगी, म्हणजे आपल्याकडची. त्या वयात तो गेम मला जगातला सगळ्यात भारी वाटायचा.

पुढच्याच वर्षी वॉरियर विदिन. तो काळा राक्षस दहाका मागे लागतो तेवढं सोडलं तर मला नाही आवडला, प्रिन्स एकदम चिडका आणि मागे दणादण गिटार. २००५ चा टू थ्रोन्स बरा. २००८ च्या प्रिन्समध्ये तर तुम्ही मरतच नाही, पडलात की जोडीदारीण एलिका हात धरून वर काढते. बघा, आधी एक तास आणि मागे जायची सोय नाही, मग थोडं मागे जायची सोय, मग मरणच बंद. त्या वयात ही प्रगती वाटली होती. आता दुकानात पोरांचे फॉर्म भरताना बघतो, सबमिट केल्यावर चूक दिसली की पहिलं विचारतात, "दादा, मागे जाता येईल ना?" जाता येत नाही बाबा.

एक वाचलेलं इथे लिहून ठेवतो. गेम बनवणारा जॉर्डन मेकनर, त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडिओ काढला आणि त्यावरून एक एक चित्र काढत प्रिन्सची चाल बनवली. म्हणजे तो पळतो ते कोणाच्या तरी धाकट्या भावाचं खरं पळणं आहे. आमच्यात उलटं होतं, पळायचा मोठा. आणि मूळ अ‍ॅपल कॉम्प्युटरची मेमरी संपत आली, नवीन शत्रू काढायला जागाच नाही, म्हणून प्रिन्सचंच चित्र वापरून त्याची सावली बनवली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की पलीकडून बाहेर पडते ती. गेममधली सगळ्यात भारी गोष्ट जागा नव्हती म्हणून सुचली.

त्याच मेकनरचा मूळ प्रोग्रॅम असलेल्या फ्लॉपी हरवल्या होत्या, २०१२ मध्ये वडिलांना घरातल्या कपाटात सापडल्या आणि वीसेक वर्षांनी वाचतापण आल्या. त्यामुळे माझ्या डिस्कची आशा सोडलेली नाही. त्या फ्लॉपी आमच्याकडच्या दमट माळ्यावर नव्हत्या हे खरं.

९ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा. संध्याकाळी बंदरावर नारळ सोडून आलो, आल्यावर सहज डिस्क हातात घेतली. जुन्या डिस्कची डोकी आतल्या तबकडीला चिकटून बसतात, मग मोटरला ती फिरवता येत नाही. उपाय रानटी आहे, डिस्क हातात आडवी धरायची, पॉवर चालू करतानाच मनगटाने झटकन अर्धा फेरा द्यायचा, बरणीचं झाकण उघडल्यासारखा. पाचव्या वेळी आतून टिक, मग सुईंऽऽ. मी तसाच हात न हलवता उभा, खाली ठेवायची छाती होईना.

शेजारी हार्डडिस्कच्या जागी चालणारं ५१२ एमबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश मेमरी कार्ड आधीच लावून ठेवलेलं (ह्या बोर्डाला त्याच्यापेक्षा मोठं काही झेपत नाही). सगळं त्यावर कॉपी मारलं. वीस मिनिटं. दोन फायली वाचता आल्या नाहीत, त्या लोटसच्या, गेल्या तर गेल्या. कॉपी झाल्यावर डिस्क बंद केली ती परत फिरली नाही, आजही प्रयत्न केला.

मग प्रिन्सचं फोल्डर उघडलं. त्यात पीआरआयएनसीई डॉट एचओएफ नावाची छोटीशी फाइल. एचओएफ म्हणजे हॉल ऑफ फेम, गेम पूर्ण करणाऱ्यांची यादी, सहा जणांची जागा असते. आमच्या क्लासमध्ये कोणी गेम पूर्ण केलाच नव्हता. मग ही फाइल आली कुठून?

गेम चालू करून यादी बघितली. सहा ओळी. सहाही भरलेल्या. सहाही ओळींत एकच आडनाव.

सर!!

पहिल्या ओळीत उरलेला वेळ १९ मिनिटं. सहाव्यात ६ मिनिटं ४० सेकंद. फाइलची तारीख नोव्हेंबर ९७, वेळ रात्री ११ वाजून ४७ मिनिटं. क्लास त्यांच्या घराच्या पुढच्या पडवीत होता, मधल्या खोलीत बाई (सरांची बायको) झोपायच्या. मी मशीनचं झाकण परत उघडलं आणि ती टेप गुंडाळलेली स्पीकरची वायर बराच वेळ बघत बसलो.

२९ ऑगस्ट

गणपती. दादा, वहिनी, पुतणी मंगळवारी कणकवलीला उतरले, गाडी नेहमीप्रमाणे उशिरा. दादाला फोनवर मुद्दाम सांगितलं नव्हतं. काल दुपारी जेवण झाल्यावर, मोदकांनी सगळे आडवे पडलेले असताना त्याला मागच्या खोलीत नेऊन यादी दाखवली.

आधी त्याला कळलंच नाही. मग पोट धरून हसला. मग एकदम, "थांब. बाराव्या लेव्हलचं त्यांना कोणी सांगितलं?"

तर बाराव्या लेव्हलला तीच सावली तलवार घेऊन समोर येते. तिला मारलं की आपल्यालाच लागतं. करायचं असतं ते उलटं, तलवार म्यान करायची, मग ती पण म्यान करते, दोघं एकमेकांत चालत शिरतात आणि एक होतात. पुढे रिकामी दरी दिसते, त्यात बिनधास्त पळायचं, पायाखाली आपोआप फरशा येतात. हे इथे कोणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. तेव्हा असलं सगळं चाकरमान्यांबरोबर मुंबईहून यायचं, दादाने ते ९७ च्या मे महिन्यात डोंबिवलीहून आणलं आणि मशीन नंबर ३ वर बसून मला मोठमोठ्याने सांगितलं. सर मागच्या टेबलावर पेपर वाचत होते. आम्ही स्वतः सातव्याच्या पुढे कधी गेलो नाही.

"म्हाताऱ्यान आमचाच गुपित मारल्यान," दादा मालवणीत, जी तो डोंबिवलीत बोलत नाही.

मग बसलो दोघं. पाय त्याचे, हात माझे. गुडघ्याला गुडघा लागत होता, आता आमची पोटंपण आहेत. पहिली दोन लेव्हल भांडण्यात. तिसऱ्याला हाडांचा सापळा, तो मरत नाही, त्याला मारत मारत कडेला नेऊन खाली ढकलायचा, ते झालं आणि हात एकदम जुळले, मी सांगत नव्हतो, तो विचारत नव्हता. पुतणी येऊन मागे उभी, "बाबा, ह्याला रिव्हाइंड नाहीये?" कोणी उत्तर दिलं नाही. आठव्याला दार बंद होतं आणि आपण अडकतो, मग राजकन्येने पाठवलेला उंदीर येऊन कळ दाबतो. आम्ही तो कधीच बघितला नव्हता. त्याला बघून दादा ओरडला की पुढच्या पडवीतून आईने विचारलं काय झालं.

नवव्या लेव्हलला २१ मिनिटं शिल्लक असताना आरतीला हाक आली. सेव्ह करता येतं (हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळलं, तेव्हा माहीत असतं तर!) म्हणून सेव्ह केलं. रात्री भजनाची मंडळी आली. आज दादा म्हणाला नको रे, काल मजा आली, झालं. तू खेळ. मी जरा झोपतो.

रागावलो नाही. रविवारी विसर्जन, सोमवारी ते गेले.

१४ सप्टेंबर

(वरची शेवटची ओळ नंतर जोडली.)

ते सेव्ह तसंच ठेवलंय. लॅपटॉपवर नवा, द लॉस्ट क्राउन खेळून बघितला, जानेवारी २०२४ चा. खोटं कशाला बोलू, चांगला आहे. नायक प्रिन्स नाही, सार्गोन नावाचा योद्धा. परत बाजूने दिसणारा, उड्या, सापळे, सगळं काफ पर्वतावर, आणि पात्रांना फारसीत बोलतं करता येतं, मी तसंच ठेवलं. जिथे अडलो तिथला फोटो नकाशावर टाचून ठेवायची सोय तर इतकी हुशार आहे की दुकानाच्या कामात हवी होती. आठ-नऊ तास खेळलो असेन. मग बंद केला तो परत उघडावासा वाटला नाही. दोष गेमचा नाही, त्याला माझ्याकडून चाळीस तास निवांत वेळ हवाय आणि तो आता सीझन संपेपर्यंत मिळणं नाही.

राहिला सँड्स ऑफ टाइम. जुना लावला तर कॅमेरा भिंतीत घुसतो आणि डोकं दुखतं. नवीन करून येणार आहे म्हणतात. २०२० च्या सप्टेंबरला घोषणा झाली तेव्हा काम पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत चालू होतं, मला केवढा अभिमान, ट्रेलर सगळ्यांना पाठवला, त्यातल्या चित्रांना लोक हसले ते पण मनावर घेतलं. मग तारीख पुढे, परत पुढे, २०२२ ला काम माँट्रियलला गेलं.

ठरवलं: तो येईपर्यंत निर्णय नाही. आला की तो खेळायचा आणि तिथेच मालिकेला रामराम.

२ डिसेंबर

मोहोर लवकर दिसतोय. प्रकल्प बंद. फक्त दुकानात गिऱ्हाईक नसलं की दहा दहा मिनिटं उजव्या हाताची प्रॅक्टिस. आधार कार्डाची झेरॉक्स निघेपर्यंत एक खोली होते.

२३ जानेवारी २०२६

ह्या आठवड्यात बातमी आली, सँड्स ऑफ टाइमचा रिमेक रद्द. पाच वर्षांवर वाट बघितली आणि एका ओळीत संपलं. फवारणीच्या टाकीजवळ उभा राहून मोबाइलवर वाचलं, हाताला औषधाचा वास.

वाईट वाटलं, पण तेवढं नाही जेवढं वाटेल असं वाटलं होतं. आता कारण उरलं नाही एवढं खरं. दादाला पाठवलं तर त्याने अंगठा पाठवला आणि खाली, 'मशीन ३ जिवंत आहे ना?'

३१ जानेवारी

रात्री तुडतुड्यांची फवारणी आटोपून साडेनऊला घरी, आंघोळ, पेज, आणि बसलो. ऑगस्टचं सेव्ह नाही घेतलं, ते आम्हा दोघांचं आहे. पहिल्यापासून सुरू केलं, एकटा, दोन्ही हात. स्पीकरची वायर लावावी का म्हणून झाकण उघडलं होतं, पण आई झोपलेली. टेप तशीच ठेवली.

सहाव्याला जाड्या शिपायाने एकदा मारलं, सातव्याला दोनदा पडलो, उंदीर वेळेवर आला. बाराव्याला पोचलो तेव्हा ११ मिनिटं. तो मनोरा चढताना पाच गेली. सावली आली. आयुष्यभर माहीत होतं काय करायचं ते आणि तरी करंगळी शिफ्टवर गेली, वार करायला, सवय. एक लागला. मलाच. मग उजव्या हाताने खालचा बाण दाबला, तलवार म्यान. तिनेपण केली. शिरलो. दरीत पळालो, फरशा आल्या.

जाफर, शेवटचा खलनायक, सोपा निघाला, इतक्या वर्षांच्या मानाने. घड्याळ थांबलं तेव्हा ३ मिनिटं शिल्लक. राजकन्या पळत येऊन गळ्यात पडते, चार-पाच सेकंदांचं काम.

मग यादी आली. मी नाव टाइप करायला बोटं तयार ठेवलेली. नाव विचारलंच नाही. यादीत सहा जागा, सहाही भरलेल्या, आणि सहाव्या ओळीत सर, ६ मिनिटं ४० सेकंद.

आतून आई: "झोप नाय काय रे तुका?"

सकाळी खालच्या कलमांची फवारणी आहे, सहाला गडी येतील. परत कधी बसायला जमतंय बघू, ३ मिनिटं ४० सेकंद कुठून तरी काढावी लागतील. चौथ्या लेव्हलला आरशाच्या आधी मी उगाच वळसा घालतो, एक मिनिट तिथे आहे.